तीन चाकांची कॉर्व्हेट

अमेरिकेतल्या लोकांना काही कामधंदा नसावा असं माझं जुनं मत आहे. चांगली चाललेली गाडी, देखणी, लोक माना वळवून बघतायत, तिला हात लावायचं काही कारण? पण नाही. आठ-दहा वर्षं झाली की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. पुढचं नाक बदल, मागचे दिवे बदल, अंगाला गोलाई आण. आणि त्यांनी तिकडं गाडी बदलली की इकडं कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या स्टँडवरची माझी रिक्षा पंधरा दिवस बंद. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं रिक्षाला?" मी म्हणायचो, "अमेरिकेला विचारा."

आता सांगायलाच बसलोय तर आधी हे सांगतो की मी तापट माणूस आहे. रिक्षावाला शांत असतो असं कुणी म्हणत असेल तर तो जन्मात रिक्षात बसलेला नाही. आमचे वडील मात्र उलट. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा टांगा चालवायचे, आणि घोड्यापाशी राहून राहून त्यांचंही बोलणं घोड्याइतकंच झालं होतं. नव्वद सालाच्या आसपास टांग्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी टांगा आणि घोडा विकला आणि मला रिक्षा घेऊन दिली. घोडा बिद्रीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडं गेला. आबा त्याला स्वतः चालवत घेऊन गेले आणि येताना एस.टी.नं आले. हातपाय धुतले, जेवले, झोपले.

दुसऱ्या दिवशी मी कोरी रिक्षा दारात लावली, हार घातला, नारळ फोडला आणि म्हटलं, "आबा, पयली फेरी तुमची. बसा." आबा म्हणाले, "बसतो की. पळून जातीय व्हय ती." आणि पायताण घालून चालत मंडईला गेले.

ते काही माझ्या मनातून जाईना. त्यांचा घोडा गेला तो माझ्यासाठी. त्या रिक्षात एकदा त्यांनी बसावं, 'बरी हाय' एवढं म्हणावं, यापलीकडं मला काही नको होतं. पण महिना गेला, दीड महिना गेला, म्हातारा बसेल तर शपथ.

त्याच सुमारास माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, एक कागद नाचवत घरी आला. उद्यमनगरात त्याचं फायबरच्या कामाचं शेड होतं. मंडळांच्या देखाव्याचे हत्ती, मोर, बागेतल्या घसरगुंड्या असलं सगळं तो बनवायचा. साच्याखाली अंथरायला तो रद्दीच्या दुकानातून जुनी गुळगुळीत इंग्रजी मासिकं आणायचा, त्यातलंच हे पान. पानावर लाल भडक गाडी. बसकी, लांब नाकाची, जमिनीला चिकटून बसलेली. नाव होतं कॉर्व्हेट. खालचा मजकूर शेजारच्या कारखान्यात ड्रॉइंग काढणाऱ्या साहेबांकडून वाचून घेतला, तर त्यात लिहिलेलं की ह्या गाडीची बॉडी पत्र्याची नाही, फायबरची आहे. ते ऐकल्यापासून साडूचे पाय जमिनीवर नव्हते.

"पावणं," तो मला म्हणाला, "अमेरिका आपल्याच लायनीत हाय. ही गाडी आपण तुमच्या रिक्षाला चढवायची."

रिक्षाला कॉर्व्हेट कशाला चढवायची, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडं रिक्षांची सौंदर्यस्पर्धा भरते. बाहेरगावचा माणूस हे ऐकून हसतो. हसू दे. एकदा येऊन बघ म्हणावं. आरशासारखं पॉलिश, मखमली गाद्या, चांदीच्या रंगाचे हत्ती, बारक्या झालरी, आणि शेजारी मालक इस्त्रीच्या कपड्यात उभा. पहिला नंबर आला की डोक्याला फेटा, हातात ढाल आणि वाजतगाजत घरापर्यंत मिरवणूक. मी मनात ठरवून टाकलं, आपला पहिला नंबर आला की मिरवणुकीत आबा मागच्या सीटवर बसणार. आबांना विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

काम सुरू झालं आणि अडचण लक्षात आली. गाडीला दिवे नव्हते. पान उलटंपालटं केलं, उन्हात धरून बघितलं. नाक होतं, चाकं होती, काच होती, दिव्याचा पत्ता नाही.

"छापताना राहिलं असंल," मी म्हटलं.

साडूनं मला वेड्यात काढलं. "दिवा छापायचा ऱ्हातोय व्हय? पावणं, तिकडं रस्त्यावर एवढा उजेड असतोय, गाडीला दिवा करायचाय काय?"

मला ते पटलं. आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा शंभर टक्के पटलं. एवढा पुढारलेला देश, दिव्याचा खर्च कशाला करेल? आम्ही रिक्षाचा दिवा काढला आणि पुढं सपाट लाल नाक बसवलं. मी दिवे लागायच्या आत घरी यायचो, म्हणून भागलं.

स्पर्धेत परीक्षक रिक्षाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "छान आहे. दिवे कुठायत?"

"अमेरिकेत नसत्यात," मी सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

माझं डोकं फिरलं. "तुमी गेलाय काय अमेरिकेला?"

"दोनदा," परीक्षक म्हणाले. "मुलगी असते तिथं."

झालं. नंबराचा प्रश्नच मिटला. घरी आलो तर आबा कट्ट्यावर बसलेले. त्यांनी रिक्षा पुढून बघितली, बाजूनं बघितली. "डोळं कुठं हाईत तिचं?" "नसत्यात," मी दात खाऊन म्हटलं. "मग आंधळीच म्हणायची," आबा म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

चार-पाच वर्षं ती आंधळी रिक्षा मी चालवली. दर स्पर्धेला रंगाचा नवा हात, नव्या झालरी, पण नाक तेच. मग गल्लोगल्ली केबल आली. एक दिवस स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो आणि टीव्हीवर कॉर्व्हेट दिसली. आमचीच. तेच नाक, तोच लाल रंग. गाडी एका पुलाखाली शिरली आणि नाकावरच्या दोन झाकण्या उलटून त्यातून दोन दिवे वर आले. पुलाबाहेर पडली, दिवे परत आत. मी कपातला चहा तसाच ठेवून उद्यमनगर गाठलं. साडू एका मोराच्या मानेवर चढून बसला होता. "खाली उतर," मी म्हटलं, "दिवे असत्यात. मिटून घेत्यात ती."

साडू तसाच मोराची मान धरून बसून राहिला. "चार वर्सं," एवढंच म्हणाला.

पण हरणारा नव्हे. आठ दिवसांत त्यानं दाराची बिजागरं, स्प्रिंगा आणि सायकलच्या ब्रेकची केबल वापरून झाकण्या उघडमीट करणारं यंत्र बसवलं. हँडलजवळ एक दांडी. ओढली की दिवे वर, सोडली की आत. उजवा दिवा एकदम हुशार. डावा आळशी. खड्डा आला की उजवा आपोआप उघडायचा आणि लगेच मिटायचा, डावा ढिम्म. पुढून बघणाऱ्याला काय दिसणार? रिक्षानं डोळा मारला.

महाद्वार रोडला एक वयस्क बाई समोरून येत होत्या, हातात भाजीची पिशवी. खड्डा मला दिसला, त्यांना दिसला नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि रिक्षा अडवली.

"लाज वाटती काय? वय काय तुजं, माजं काय?"

"मावशी, मी काय केलं न्हाय. रिक्षानं केलं."

"म्हंजे आता रिक्षावर ढकलतोस व्हय?"

मी त्यांना दाखवायला दांडी ओढली, तर मेला नेमका तेव्हाच उजवा एकटा वर आला. त्यानंतर त्या जे बोलल्या ते सगळ्या रस्त्यानं ऐकलं. महिनाभर स्टँडवर मला कुणी नावानं हाक मारली नाही, सगळे एक डोळा मिटून बोलवायचे. मी दोघांची गचांडी धरली, काही उपयोग झाला नाही. पण त्या साली तिसरा नंबर आला. फेटा फक्त पहिल्याला.

आबांना दिवे दाखवले. वर-खाली, वर-खाली. ते म्हणाले, "आता डोळं आलं. बेस झालं."

"मग बसा की."

"आज नको. पायताणाला चिखुल हाय, तुजं गालिचं खराब हुतील."

असली कारणं त्यांच्याकडं ढीगभर. एकदा डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणाले. एकदा पोटात गडबड. एकदा म्हणाले, लोक बघत्यात. अहो, लोकांनी बघावं म्हणूनच तर केलीय. मला वाटायचं, अजून कॉर्व्हेटसारखी हुबेहूब झाली नाही, म्हणून मन भरत नाही म्हाताऱ्याचं. उमद्या जनावराची सवय. त्याला हलकं-सलकं कसं चालेल?

आणि हुबेहूब करायचं म्हणजे खाली घ्यायची. कॉर्व्हेटचं सगळं रूप तिच्या बसकेपणात. नाक चढवलं त्याच महिन्यात आम्ही दुसऱ्या स्प्रिंगा कापून बसवल्या आणि सीट वीतभर खाली बसवली होती. दिवे आले तेव्हा टपही चार बोटं खाली घेतला. आता आत बसायचं म्हणजे आधी डोकं, मग खांदा, मग एक पाय, आणि गुडघे हनुवटीशी. गूळ बाजारातले एक शेठ माझं कायमचं गिऱ्हाईक. ते एकदा बसले ते बसलेच, उतरायला येईना. स्टँडवरच्या दोघांनी दोन हात धरून ओढले तेव्हा बाहेर आले. वर मलाच म्हणाले, "ही बसायची गाडी हाय का निजायची?" मी सुनावलं, "शेठ, ही स्पोर्ट गाडी हाय. हिच्यात बसायला बी सराव लागतोय." शेठ परत कधी आले नाहीत. गेले तर गेले.

मग अमेरिकेनं गाडी बदलली. सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट, पण आम्हाला कळायला दोन वर्षं गेली. राजारामपुरीत सायबर कॅफे निघाला होता, तिथं साडूनं तासभर बसून चार रंगीत कागद छापून आणले. नवी कॉर्व्हेट गोल गरगरीत, खात्यापित्या घरची. दिवे मिटतात तसेच, म्हणून आमचा जीव भांड्यात पडला. पण एका कागदावर गाडी मागून होती. आम्ही तिला मागून कधी बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं मागची बाजू साडूच्या मनची होती, म्हणजे दोन मोर आणि मध्ये कमळ. बघतो तर मागं चार लंबगोल लाल दिवे, बाकी सगळं साफ. आम्ही दोघं मोरांकडं बघत बसलो.

एक गोष्ट मात्र साडूला फार आवडली. नव्या गाडीचं इंजिन पुढं, पण गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांपाशी नेला होता, वजन सारखं व्हावं म्हणून. "बगा पावणं," तो म्हणाला, "रिक्षाचं सगळं कवापासनं मागंच हाय. त्यास्नी आता अक्कल आली, ती बी निम्मीच."

मोर निघाले, लंबगोल दिवे बसले, नाक गोल झालं आणि टप आणखी दोन बोटं खाली आला. दुसरा नंबर आला. मी दुसऱ्या नंबराची ढाल घेऊन घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात घण पडत होते. आबा कट्ट्यावर होते. मी म्हटलं, "बसा."

"ऱ्हाऊ दे आज."

"का ऱ्हाऊ दे? धा वर्सं मी ह्या गाडीवर मरतोय ती कुणासाठी? त्या घोड्यासाठी तुमी मला जन्मभर असंच टांगून ठेवणार काय? मेला असंल आता त्यो घोडा."

बोललो आणि जीभ चावली. आबा भिंतीला हात लावून हळूहळू उठले आणि आत गेले. बायको दारात उभी होती, तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते. चार दिवस मी घरात मान वर करून जेवलो नाही. माफी मागावी असं रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. नंतर 'बसा' म्हणायचंच सोडून दिलं. आता पहिला नंबरच आणायचा, मग बघू, असा हट्ट धरून बसलो.

आणि दोन हजार पाच साली अमेरिकेनं आमचा घात केला.

नवी कॉर्व्हेट आली. साडूनं कागद आणला तो दुमडूनच. म्हणाला, "आधी बसा." मी बसलो. कागद उघडला. गाडी लहान, रेखीव, मागचे दिवे आता गोल. आणि पुढं, नाकावर, दोन्ही दिवे उघडे. काचेमागं, सताड. मिटणं नाही, उघडणं नाही. चाळीस वर्षं ज्या गाडीचे दिवे मिटत होते तिचे कायमचे उघडे करून मोकळे झाले. आमची बिजागरं, आमच्या केबली, आळशी डाव्याला वळण लावण्यात गेलेली दहा वर्षं, त्या मावशींच्या शिव्या, सगळं पाण्यात. मी अमेरिकेला जे काही बोललो ते इथं लिहिता येत नाही. साडू दोन दिवस शेडवर गेला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "चला. नवीन साचा घिऊया." काय करणार, नाद.

हे नाक साडूच्या हातचं सगळ्यात भारी नाक होतं, हे मी आजही सांगतो. स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. मध्ये आर.टी.ओ.त रिक्षाचं वार्षिक पासिंग होतं. पासिंगला कॉर्व्हेट चालत नाही. दरसाल आम्ही शेडमध्येच सगळं उतरवायचो, मूळ स्प्रिंगा, मूळ सीट, मूळ टप चढवायचो, पासिंग करून रिक्षा परत शेडमध्ये आणि तिथून सजूनच घरी. त्या वर्षी शेडमध्ये मंडळाचा अख्खा हत्ती वाळत पडला होता, रिक्षाला जागा नव्हती. म्हणून पासिंग झाल्यावर उघडीबोडकी रिक्षा मी पहिल्यांदाच दारात आणून लावली. काळी-पिवळी, साधी, दुकानातून आली होती तशी. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

सकाळी शेडवर न्यायची म्हणून मी टायरची हवा बघत वाकलो होतो. मागं रिक्षा हलली. वळून बघतो तर आबा. दांडीला धरलं, पाठ फिरवली, आधी बूड टेकवलं आणि मग पाय आत घेतले. मांडीवर पिशवी. टोपी नीट केली आणि म्हणाले, "चल. जोतिबाला जाऊन येऊ."

मी तिथंच उकिडवा.

"आज कसं काय बसला?" मी शेवटी विचारलं.

"आज बसाय येतंय म्हणून बसलो."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? गुडघं वाकत्यात काय माजं? जमिनीबरोबर नेऊन ठेवलीस ती सीट. आत गेलो तर मला भाईर कोण काढणार? त्या गूळवाल्यागत चारचौघांत हात धरून वडणार?"

"आणि घोडा?"

आबांनी जरा विचार केला. "घोड्यापायी बसलो न्हाय, व्हय. एक म्हयना. मग वाटलं, बसावं. तवर तू तिचं पोट खाली घिऊन आलास."

एक महिना घोड्याचा आणि पंधरा वर्षं गुडघ्यांची. माझ्या डोळ्यांपुढं एकेक यायला लागलं. आबा जेवायला पाटावर बसेनासे झाले होते, खाटेवर बसायचे. लग्नकार्यात उभेच राहायचे. उठताना भिंत धरायचे. मी हे सगळं रोज बघत होतो आणि रोज घोडा समजत होतो. त्यांनी बसावं म्हणून मी रिक्षा खाली खाली नेत होतो, आणि जितकी खाली नेत होतो तितकी त्यांच्यापासून लांब चालली होती.

"मग सांगायचं न्हाय व्हय एकदा?" माझा आवाज चढलाच.

"तू कवा इचारलंस? तू बसा म्हणायचास. का बसत न्हाय, ते इचारलं न्हाईस."

मी किक मारली.

त्या वर्षी स्पर्धेत आमची रिक्षा नव्हती, आणि पुढंही कधी नव्हती. साडूनं ती गोष्ट मनाला लावून घेतली. कॉर्व्हेटचं ते नवं कोरं नाक त्यानं पुढं एका मंडळाच्या देखाव्यात विमानाला लावलं. विमानाला पहिला नंबर मिळाला. तो अजून मला टोमणे मारतो.

पण त्या दिवशी सकाळी हे काहीच डोक्यात नव्हतं. साडू शेडवर वाट बघत असणार, हेसुद्धा विसरलो. आबा मागं बसले होते आणि मी आरशातून सारखा बघत होतो, खरंच बसलेत ना. केर्ली गाव मागं पडलं, जोतिबाचा चढ लागला आणि निम्म्यात रिक्षा रडायला लागली. धूर, खडखड, वेग संपत आलेला. मला राग आवरेना. नेमकी आज? मी हँडलवर मूठ हाणली आणि तिला शिव्यांची लाखोली वाहायला सुरुवात केली.

मागून आबा पुढं वाकले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जिभेनं टाळूवर दोनदा चक्-चक् केलं. मला नव्हे, रिक्षाला.

"वरडू नको तिच्यावर," ते म्हणाले. "दमलीय ती. चढ हाय. हळू घे, जाईल."

मी शिव्या बंद केल्या आणि गाडी पहिल्या गिअरवर घेतली.